सहा घेतो, एक देतो

मी फिरदोसनं बनवलेला पहिला ॲम्प्लिफायर बोलतोय. पहिला, हे आधीच सांगून ठेवतो. कारण दुसराही आहे, आणि त्याचं नाव काढल्याशिवाय माझी हकीकत पुरी होत नाही.

माझा जन्म मिरजेचा, तंतुवाद्यांच्या गल्लीतला. फिरदोस तेव्हा सांगलीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होती. तिचे अब्बा शमशेरभाई घरातल्याच कारखान्यात तानपुरे बनवतात. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी कानशीनं हळूहळू घासायची आणि तार कशी गुंजते ते ऐकत राहायचं, याला जवारी काढणं म्हणतात. शमशेरभाईंची जवारी नावाजलेली. पण त्यांचे कान मंद होत चालले होते. एकदा घोडी नको तितकी घासली गेली आणि गिऱ्हाइकानं तानपुरा परत पाठवला. कानात घालायचं यंत्रही लावून पाहिलं. त्यात तार पत्र्यासारखी वाजायची.

म्हणून फिरदोसनं मला जुळवलं. एक ट्रान्झिस्टर, त्याच्या पाठीला उष्णता बाहेर टाकणारी ॲल्युमिनियमची जाड पट्टी, तांब्याच्या तारेची एक जड गुंडाळी आणि थोडे किरकोळ भाग. तानपुऱ्याच्या भोपळ्याला चिकटवलेली चकती तारेची थरथर माझ्यापर्यंत आणायची, मी ती मोठी करून स्पीकरला द्यायचो. पहिल्यांदा स्पीकरला कान लावला तेव्हा शमशेरभाईंनी तीच तार पुन्हा पुन्हा छेडली.

"हाय गं," ते लेकीला म्हणाले. "अजून हाय." तारेविषयी म्हणाले की स्वतःविषयी, मला कळलं नाही.

तेव्हापासून ते माझे, असं मी धरून चाललो. कुणी गिऱ्हाईक आलं की ते माझ्यावर फडकं टाकायचे. कुणी विचारलंच तर "जुना रेडिओ हाय" म्हणायचे. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. मोलाची वस्तू माणसं झाकून ठेवतात, असा माझा समज होता.

मग एका सुट्टीच्या दुपारी फिरदोस मीटर घेऊन माझ्यासमोर बसली. मोबाईलमधून एकसुरी आवाज सोडला आणि मोजायला लागली. मला मिळणारा दाब बारा व्होल्ट, प्रवाह अर्धा अँपिअर. दोन्हींचा गुणाकार सहा वॅट. हे माझं खाणं. स्पीकरच्या टोकांवर दोन पूर्णांक आठ व्होल्ट. त्याला त्यानंच गुणून स्पीकरच्या आठ ओहमनं भागलं, की जवळजवळ एक वॅट. हे माझं काम.

"सहा घेतो, एक देतो," ती म्हणाली. "शंभरात सतरासुद्धा न्हाईत. बाकीचं सगळं गरम व्हण्यात."

शमशेरभाई हसले. "आणि मी तार वाजवतच न्हाई तवा?"

"तवाबी सहाच घेतो, अब्बा. गप बसायलासुद्धा तेवढंच लागतंय ह्याला."

खरं होतं ते. माझी जातच तशी. तार वाजो न वाजो, प्रवाह माझ्यातून वाहतच असतो. मी याला तत्परता समजत होतो. तिनं त्याला उधळपट्टी ठरवलं.

तिला हा हिशेब का लागला, ते मला पुढच्या आठवड्यात समजलं. साताऱ्याबाहेर मळ्यात राहणाऱ्या विजयमालाबाई मुलींना गाणं शिकवतात. शमशेरभाईंनीच बनवलेली तानपुऱ्यांची जोडी त्यांच्याकडे आहे. मागे एकदा प्रवासात भोपळ्याला चीर गेली, तेव्हापासून त्या वाद्यं बाहेर पाठवत नाहीत. त्यांचा फोन आला होता. तुम्ही येणार असाल तर या, नाहीतर आम्ही दुसऱ्या कुणाला बोलावू. मळ्यात दिवसा लाईटचा भरवसा नाही, आणि लहान बॅटरीवर मी दुपारसुद्धा गाठत नाही. म्हणजे शमशेरभाईंना घरात बांधून ठेवलं होतं ते मी.

फिरदोसनं दुसरा बनवला. हातावर मावेल एवढा. तो प्रवाह सतत वाहू देत नाही, झरझर चालू-बंद करतो. त्यालाही तिनं मोजलं, माझ्याच शेजारी बसवून. एक वॅट आवाजाला एक पूर्णांक दोन वॅट. शंभरात त्र्याऐंशी. तिनं त्याच्या पाठीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बघा, कोमटसुद्धा न्हाई."

माझ्यावर बोट ठेवलं तर चटका बसतो. त्या क्षणी तर जास्तच बसला असता.

दोघं बापलेक त्याला पिशवीत घालून साताऱ्याच्या एसटीनं गेले. दिवसभर मी एकच मागणं मागितलं: धाकटा खरखरू दे. ऐन जवारीत त्याचा आवाज जाऊ दे. शमशेरभाई तिथं तोंडघशी पडतील, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. आलं असतं तरी मी थांबलो असतो असं नाही.

संध्याकाळी ते परतले. शमशेरभाई जेवताना बायकोला, परवीनला, सांगत होते. दोन्ही तानपुरे झाले. विजयमालाबाईंनी विचारलं, "आवं शमशेरभाई, हा डबा कसला?"

"मग काय म्हनला?" परवीननं विचारलं.

"खरं तेच. कान गेल्यात म्हनलो. लेकीनं हे करून दिलंय, ह्याच्यावर ऐकतो म्हनलो."

"आणि त्या?"

"तानपुरा मांडीवर घेऊन वाजवत बसल्या. मग म्हनल्या, पुढच्या वर्षीबी तुमीच या."

फिरदोस मान खाली घालून जेवत होती. मी भिंतीशी फडक्याखाली होतो. मला झाकलं, त्याला उघड दाखवलं. त्र्याऐंशी टक्क्यांपेक्षा मला हे जास्त लागलं.

आता धाकटा गावोगाव हिंडतो. कराडला, मलकापूरला, कुठं कुठं. मी कारखान्यातल्या फळीवर असतो. परवा फिरदोस माझा ट्रान्झिस्टर दुसऱ्या कामासाठी काढायला आली होती. शमशेरभाईंनी तिचा हात धरला. "राहू दे त्याला. आदी त्यानंच ऐकवलं." मग त्यांनी मला वायर जोडली, नव्या तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली आणि कान लावून बसले. गाडीची वेळ झाली तसे उठले, मला बंद केलं आणि धाकट्याची पिशवी खांद्याला लावून निघाले. त्यांची गाडी चुकावी असं मला वाटलं. ते दाराबाहेर पडेपर्यंतच वाटलं.

तुम्ही मिरजेला आलात आणि या कारखान्यात डोकावलात, तर एक विनंती आहे. मीटर बाहेरच ठेवा, मला चालू करा आणि एखादी तार ऐका. मी सहा वॅट घेईन, त्याला इलाज नाही. आणि तेवढा वेळ धाकट्याला दुसऱ्या खोलीत ठेवा.