एक्केचाळीस सौ.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून सजवलेल्या वह्या द्यायच्या, असं वल्लरीने ठरवलं, तेव्हा कलावतीला आधी हसूच आलं. वल्लरी कलावतीच्या वर्तकनगरच्या बिल्डिंगमध्ये नवीन राहायला आलेली, हौशी पोरगी. शंभर पानी साध्या वह्या घाऊक आणायच्या, त्यांना लेस चिकटवायची, फुलाफुलांच्या टेपा लावायच्या, कागदी फुलपाखरं डकवायची आणि मग त्याला म्हणायचं जर्नल. पुठ्ठ्यावर एवढं लटांबर की वही टेबलावर ठेवली तर डुगडुगते. वही लिहायला असते की नटवायला? पण विचारणार कोणाला. लिहिणार तरी कोण होतं त्यात.

कलावतीची अख्खी नोकरी वागळे इस्टेटमध्ये लग्नपत्रिका छापण्यात गेलेली. म्हणूनच वल्लरी तिच्या दारात आली.

"काकू, तुमच्याकडे उरलेल्या पत्रिका आहेत ना, सोनेरी अक्षरांच्या? त्यातले 'सौ.' कापून द्याल? प्रत्येकीच्या नावाआधी लावते. भारी दिसेल."

"किती हवेत?"

"एक्केचाळीस."

दार लावून कलावती पलंगावर बसली आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला लागली. तळमजल्यापासून वरपर्यंत एकेक घर घेतलं. सासवा धरल्या, सुना धरल्या. चाळीस भरल्या. परत मोजल्या, तरी चाळीसच. एक्केचाळिसावी धरायची तर बिल्डिंगमध्ये एकच बाई उरत होती, आणि ती पलंगावर बसून पेरं मोजत होती.

तिचा नवरा गोविंदा शेवटची बारा वर्षं डोंबिवलीत दुसऱ्या बाईकडे राहिला. हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक. तरी त्या बारा वर्षांत एकही संक्रांत कलावतीला बोलावणं आल्याशिवाय गेली नाही. दोन वर्षांपूर्वी तो तिकडेच वारला आणि इकडे हिचं बोलावणं बंद झालं. म्हणजे नवरा जेवतो कुणाकडे ह्याच्याशी ह्या बायकांना देणंघेणं नाही, कुठेतरी जेवतोय ना, मग झालं. असल्या अकलेच्या बायकांत बसायची मला हौस नाही, असं ती येताजाता म्हणायची. हौस होती. दोन्ही वर्षं खालून हसण्याचे आवाज यायला लागले तसा तिने टीव्ही मोठा केला होता.

तीन दिवस बसून तिने एक्केचाळीस 'सौ.' कापले. बारीक कात्रीने, काना न दुखवता, टिंबासकट. वल्लरीला कागदातलं काही कळत नाही म्हणून तोंडाने तिचा उद्धार चालू होताच. पण कपाटातली काळी साडी काढून तिने इस्त्रीला दिली.

हळदीकुंकवाच्या दिवशी पाच वाजता बेल वाजली. दारात वल्लरी, हातात कापडी पिशवी.

"काकू, हे तुमचं वाण. तिळगूळ पण आहे आत."

कलावतीने वही बाहेर काढली. लेस होती, फुलपाखरू होतं, मधोमध 'कलावती' होतं. नावाच्या आधी मात्र पुठ्ठ्याचं साल निघून पांढरा चट्टा पडला होता.

"आधी लावलेलं मी," वल्लरी खाली बघत म्हणाली. "पण सरोजताईंनी पाहिलं. म्हणाल्या, असं चालत नाही, वाण घरी नेऊन दे."

सरोजताई म्हणजे बिल्डिंगच्या महिला मंडळाची अध्यक्ष.

"मग तू काय म्हणालीस?"

"मी काय बोलणार, काकू. मी नवीन आहे इथे."

"आणि ओरबाडलंस."

"नखाने निघतच नव्हतं."

"नाहीच निघणार. वर साधा कागद ठेवून गरम इस्त्री फिरवायची, मग डिंक सुटतो." कलावतीने वही पिशवीत घालून पिशवी तिच्या हातात दिली. "अगं, काढायचंही नीट येत नाही तुम्हाला."

"काकू, राग मानू नका."

"राग कसला. खाली जा आणि सरोजला एक निरोप दे. म्हणावं, चाळीस जणींच्या नावापुढचं सौ. एका विधवेने कापलंय, स्वतःच्या हाताने. चालत नसेल तर तेही काढा. इस्त्री हवी असेल तर माझी घेऊन जा."

वल्लरीचं तोंड उतरलं. ती पिशवी घेऊन जिन्यापर्यंत गेली, थांबली, मग हळूहळू खाली उतरली. थोड्या वेळाने खालचं हसणं बंद पडलं.

कलावतीने आज टीव्ही लावला नाही. काळी साडी घडी न मोडता परत कपाटात ठेवली. चाळीस तिने सवयीने कापले होते. एक्केचाळिसावं तेवढं चष्मा पुसून, उजेडाकडे सरकून, सगळ्यात नीट कापलं होतं, आणि आता तिला सरोजपेक्षा स्वतःचाच जास्त राग येत होता.