उघडं ठेवलेलं फाटक

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी फाटक आहे. विनिपेगच्या उत्तरेला, ब्लूबेरीच्या झुडपांनी भरलेल्या एका पाणथळ माळाच्या तोंडाशी माझा जन्म गेला. मराठी मी शनिवार-रविवारी येणाऱ्या तुमच्याच लोकांकडून शिकलो. ऐकून ऐकून कान किटले म्हणा ना!

पीटरने जुने पाइप जोडून मला बनवलं. तो वारला. आता त्याची बायको ओल्गा एकटीच गुरं सांभाळते. मे-जूनमध्ये माळावरचे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. ती गुरांच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून ओल्गा मला बंद ठेवायची. जुलैत गुरांच्या कुरणातलं पाणी आटतं आणि तळं तर माझ्या पलीकडे, माळावर. मग ती मला सताड उघडून तारेने बांधायची. माझ्या अंगावर इंग्रजीत पाटीही आहे : ‘फाटक जसं असेल तसंच ठेवा.’ सगळे तिच्यासोबत फोटो काढतात. वाचायला मात्र कोणाला सवड!

गेल्या जुलैत एका शुक्रवारी स्वानंद, देवयानी आणि त्यांची आठ वर्षांची ऊर्मी ब्लूबेरी वेचून परत निघाली. स्वानंद माझी तार सोडू लागला.

“बाबा, इट सेज लीव्ह इट!” ऊर्मी म्हणाली.

“अगं, कोणीतरी उघडं टाकून गेलंय. गुरं पळाली म्हणजे? काही शिस्त आहे की नाही?”

त्याने मला लावलं, कडी घातली, वर थोपटलंसुद्धा. मला ओरडता आलं असतं तर!

तीन दिवस नुसती आग ओकणारं ऊन. त्या उन्हात माळाकडे कोणी फिरकलंच नाही. गुरं माझ्या गजांत तोंड घालून हंबरत राहिली. पलीकडे तळं दिसत होतं. सोमवारी ओल्गा आली, तेव्हा मेबल नावाची गाय आणि दोन वासरं माझ्या पायाशी मरून पडली होती. ओल्गाने आधी मला सताड उघडलं.

पुढच्या शनिवारी ती तिघं पुन्हा आली. ओल्गा माझे बोल्ट काढत होती.

“लास्ट वीक युअर गेट वॉज ओपन. वुई क्लोज्ड इट फॉर यू,” स्वानंद हसत म्हणाला.

“इट वॉज ओपन फॉर वॉटर,” ओल्गा म्हणाली, आणि तिने काय झालं ते सांगितलं.

स्वानंदचा चेहरा उतरला. ऊर्मी रडायला लागली. ओल्गाला एकटीला मी पेलेना, तेव्हा त्यानेच दुसऱ्या बाजूने हात लावला.

आता मी गवतात आडवा पडलोय. पुन्हा मला कोणी लावणार नाही. पण मे महिन्यात अंड्यांवर पाय पडतील, तेव्हा गुरांना अडवणारही कोणी नाही. स्वानंदच्या मनात वाईट काहीच नव्हतं, याचाच मला जास्त संताप येतो.

मित्रांनो, माळावर जरूर या. आपली शिस्त मात्र घरी ठेवून या, इथली आधी विचारा. पाटी वाचा. तुम्हाला वेळ नसेल तर बरोबरच्या लेकीला वाचू द्या, आणि कृपा करून तिचं ऐका.