तीन मजल्यांचा जिना

संगणकाने यादी पुन्हा दाखवली. जिना तिच्यात नव्हता.

"मिळाला का गं?" पलंगावरून आईने विचारलं.

"शोधतेय."

"एवढा तीन मजली जिना. हरवतो कसा, म्हणते मी."

आठवड्याभरातलं हे तिचं सगळ्यात लांब बोलणं होतं.

आईची नजर जाऊन सहा वर्षं झाली होती, पण जुन्या घरात तिचं काही अडलं नव्हतं. पावलाचा, भांड्याचा आवाज भिंतीवरून परत येई आणि ती त्याच्या बोटाला धरून चाले. इमारत पाडायची ठरली, तशा दोघी या घरात आल्या. इथे छत बुटकं, जमिनीवर जाड गालिचे. शब्द तोंडातून निघाला की पायाशीच पडायचा. महिन्याभरात आईचं फिरणं थांबलं, मग बोलणंही. जेवणार का विचारलं तर नुसती मान हलवायची.

मुलगी इस्पितळात कान तपासायची. घर सोडायच्या आदल्या दिवशी तिने जिन्यात अकरा फुगे फोडले होते. शेजारच्या काकूंनी दार उघडून तिला वेड्यात काढलं, तेही ध्वनिमुद्रणात आलं. प्रत्येक फुग्यामागे जे घुमलं, त्यावरून एका ओळखीच्या अभियंत्याने तिला प्लग-इन करून दिलं. संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचा हा छोटासा प्रोग्रॅम. त्यातून गेलेला कुठलाही आवाज त्या जिन्यात घुमल्यासारखा ऐकू येणार होता. जिना यादीत दिसला तर.

फाइल योग्य फोल्डरमध्ये होती. सॉफ्टवेअरला तो फोल्डर दाखवून झाला होता. अभियंत्याला विचारलं, तर माझ्याकडे दिसतंय बुवा, म्हणून तो मोकळा झाला.

मग सेटिंगच्या तळाशी तिला दुसरी एक यादी सापडली. नापासांची. जिना तिथे एकटाच बसला होता. पहिल्या दिवशी घाईघाईने तिने अर्धवट उतरलेली फाइल टाकली होती. सॉफ्टवेअरने ती उघडून पाहिली, अडखळलं, नाव नापासांत लिहिलं. नंतर धडधाकट फाइल आली तरी त्या नावाकडे फिरकलं नाही.

तिला रागच आला. एक सूर ऐकू आला नाही म्हणून तिने तेवीस वर्षांत कुणाला बहिरं लिहिलं नव्हतं. माणूस नेमका तेव्हा आवंढा गिळत असतो. तोच सूर पुन्हा द्यायचा. तिने ती यादी पुसली आणि सगळी प्लग-इन्स नव्याने तपासायला लावली. नावं सावकाश सरकत राहिली, खिडकीतलं ऊन पलंगापर्यंत आलं, आणि जिना यादीत येऊन उभा राहिला.

तिने आईच्या कानांवर हेडफोन चढवले, माइक पुढे धरला. आईने घसा खाकरला. तिच्यामागून तीन मजले खाकरले.

आईची पाठ ताठ झाली. तिने हात लांबवून हवेतच कठडा धरला. ती जराशी पुढे वाकली.

"अहो, आलात का?"

हाक एकेक पायरी उतरत गेली. वडिलांना जाऊन बारा वर्षं झाली होती. पडद्यावरची आवाजाची रेघ बारीक झाली, मग सपाट. मुलीने काही बंद केलं नाही.

आई तशीच, मान कलती करून थांबली. दमलेल्या माणसाला तीन मजले चढायला लागतो तेवढा वेळ. मग पलंगावर थोडी बाजूला सरकली.