घरपोच शिक्षण, दुसऱ्या मजल्यापर्यंत

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक वकीलीण राहते. वय वर्षं अकरा. खरं नाव शाळेच्या पटावर आहे, पण आम्ही सगळे तिला वकीलीणच म्हणतो. ‘पाणी पी’ म्हटलं तरी ती आधी ‘का?’ विचारते, आणि उत्तर पटलं नाही तर तहानलेली राहते. तिचा बाप बेकरीत पाव भाजतो, आई औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. मी दुसऱ्या मजल्यावर शिवणकाम करते. नात्याने मी तिची कुणी नाही, पण ती मला मावशी म्हणते, आणि एकदा मावशी म्हटलं की बाकीचं सगळं आपोआप गळ्यात येतं.

वकीलिणीला रक्ताचा आजार झाला. नाव घेताना माणसं आवाज बारीक करतात, तसला. उपचार झाले, केस गेले, परत आले. आधी सरळ होते ते आता कुरळे आले. पोरगी वाचली. डॉक्टर म्हणाले, "ही बरी आहे. फक्त अंगात ताकद भरेपर्यंत वर्षभर गर्दीत न्यायचं नाही. साधी सर्दीसुद्धा हिला महागात पडेल." तिच्या वर्गात पन्नास मुलं. म्हणजे शंभर नाकपुड्या, त्यातल्या निम्म्या बारा महिने वाहत्या. तिची शाळा बंद झाली.

अशा मुलांना घरी येऊन शिकवायला सरकार शिक्षक पाठवतं आणि त्याचा पगारही सरकारच देतं, हे तिच्या आईला दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं. योजना चांगली होती. इतकी चांगली, की ती कुणाला कळू नये याची शिक्षण खात्याच्या कचेरीने डोळ्यात तेल घालून काळजी घेतली होती.

आई कचेरीत गेली. पहिल्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, अशी योजनाच नाही. दुसऱ्या खिडकीतले गृहस्थ म्हणाले, योजना आहे, पण तुम्ही पहिल्या खिडकीतून आलात का? मग मुलगी शाळेत येत नाही असा शाळेचा दाखला हवा झाला. मुख्याध्यापक दुखावले. "येत नाही असं कसं लिहून देऊ? आमच्या शाळेची हजेरी शंभर टक्के आहे!" शेवटी त्यांनी लिहून दिलं, की ही विद्यार्थिनी ‘येते, परंतु दिसत नाही’. कचेरीला हे वाक्य फार आवडलं असावं, कारण त्यानंतर मंजुरी आली. तोवर वकीलिणीने घरातलं वाचण्यासारखं सगळं वाचून संपवलं होतं, औषधांच्या बाटल्यांवरच्या सूचनांसकट.

शिक्षक निवडायची पद्धत शास्त्रीय होती. नकाशावर मुलीच्या घरापासून सगळ्यात जवळ राहणारा शिक्षक घ्यायचा. आमच्या मागच्याच गल्लीत गणिताच्या एक निवृत्त मास्तरीणबाई राहत होत्या. उत्तम निवड! नकाशाला एवढंच ठाऊक नव्हतं, की आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि मास्तरीणबाईंना गुडघे नाहीत. म्हणजे होते, पण नसल्यासारखे.

पहिल्या दिवशी दुपारी मी मशीनवर होते. जिन्यात कुणीतरी भांडतंय असं वाटलं. दार उघडून बघते तर भरल्या अंगाच्या एक बाई कठडा धरून आपल्याच पायांना दम देत होत्या. मी खुर्ची आणली, पाणी दिलं. त्या बसल्या, पदराने चेहरा पुसला आणि म्हणाल्या, "चौथा मजला ना? बरं. इथून वर आता मला फक्त देवच नेऊ शकतो."

मी वर हाक मारली. आई आणि वकीलीण खाली आल्या. वकीलिणीच्या तोंडाला मास्क होता, डोळे मात्र सगळं मोजून घेत होते.

"बाई, तुम्ही घरी शिकवायला येणार होतात ना?"

"आलेच आहे की. अर्धं घर मी चढले, अर्धं तू उतर. अपूर्णांक शिकलीयस ना?"

वकीलिणीला कुणी अशा भाषेत उत्तर दिलं नव्हतं. ती मुकाट्याने पायरीवर बसली. आणि आमच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतच्या मोकळ्या चौकात शाळा सुरू झाली.

जागा वाईट नव्हती. मोठी खिडकी, भरपूर वारा, दुपारी जिन्यात चिटपाखरू नाही. मी एक टेबल दिलं. रोज पुसून काढायचं कामही अर्थातच माझ्याकडे आलं. मशीन चालवता चालवता मीही ऐकायचे. एकदा वकीलिणीचं घोडं अडलं ते वजा गुणिले वजा बरोबर अधिक यावर.

"का?"

"नियम आहे."

"नियम का आहे?"

मास्तरीणबाईंनी त्या दिवशी पुस्तक मिटलं. उभ्या हयातीत हजारो पोरांनी हा नियम त्यांच्याकडून निमूटपणे गिळला होता. दुसऱ्या दिवशी धापा टाकत चढून आल्या आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या, "आई म्हणाली, झोप. तू म्हणालीस, नको. काय झालं?"

"झोप नाही झाली."

"आणि आई म्हणाली, झोपू नको. त्यालाही तू म्हणालीस, नको. मग?"

वकीलिणीने क्षणभर विचार केला आणि असं खळखळून हसली की तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा काय झालं ते बघायला बाहेर आले. त्या दिवशी वरून तिची आईही ऐकत होती. पोरीचं हसणं ऐकून कठड्यावरची तिची मूठ सैल झाली, ते मला खालून दिसलं.

सुरळीत चाललेल्या गोष्टीकडे सरकारचं लक्ष जायला वेळ लागत नाही. एक दिवस तपासनीस आले. सभ्य, तरुण, हातात मोबाईल. त्यांना ‘मुलाच्या निवासस्थानी अध्यापन चालू असल्याचा’ फोटो हवा होता. चौकातली शाळा बघून ते पायरीवरच थबकले.

"हे निवासस्थान आहे?"

"हा जिना आहे," वकीलीण म्हणाली. खोटं बोलणं तिच्या तत्त्वात बसत नाही. त्याचा आम्हाला फार त्रास होतो.

"म्हणजे तू घराबाहेर आलीस?"

"दोन मजले."

तपासनिसांचा चेहरा उजळला. त्यांना गुन्हा सापडला होता. "ताई," ते आईला म्हणाले, "घराबाहेर पडू न शकणाऱ्या मुलांसाठी ही योजना आहे. जी मुलगी दोन मजले उतरते, ती चारही उतरेल. जी चार उतरेल, ती शाळेत जाईल."

"जिन्यात पन्नास मुलं नसतात हो, साहेब!"

"तसा रकाना नाही." मग त्यांनी वकीलिणीकडे नीट बघून घेतलं. "शिवाय ही तर चांगली ठणठणीत दिसते." एवढं बोलून ते सणसणीत शिंकले. वकीलीण सरसर चार पायऱ्या वर चढून गेली. साहेबांनी चपळाईबद्दलही शेरा मारला असणार.

आठवड्याभरात पत्र आलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत अनुदान स्थगित. ‘पर्यायी शिक्षक’ हवा असेल तर एक धट्टाकट्टा शिक्षक उपलब्ध आहे, मात्र तो नदीपलीकडच्या गावी राहतो आणि पूल दुरुस्तीला काढला आहे.

मास्तरीणबाईंनी पत्र वाचलं, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. "माझे गुडघे कचेरीला विचारून दुखत नाहीत," त्या म्हणाल्या, "मीही कचेरीला विचारून शिकवत नाही. पान उलट."

त्या येत राहिल्या. वकीलिणीचं मात्र कशातच लक्ष लागेना. ‘का’ विचारणं बंद झालं. जे सांगाल ते ऐकायला लागली, तेव्हा आम्ही खरे घाबरलो. एका संध्याकाळी आई माझ्याकडे आली आणि दार लावून घेऊन रडली. पोरीने आरशासमोर उभं राहून तिला विचारलं होतं, "आई, मी परत टकली झाले तर बाईंना येत राहू देतील का?"

मी हातातली कात्री बाजूला ठेवली आणि तिच्याजवळ बसून राहिले.

सुनावणीसाठी मुलीला कचेरीत हजर करा, असा निरोप आला. कचेरीचं दालन म्हणजे माणसांची नुसती खेचाखेच. तिथे जाणं आणि शाळेत जाणं एकच. आई फोनवर शांतपणे म्हणाली, "तिला गर्दीत नेता येत नाही, म्हणून तर ही योजना आहे. तुमच्या कचेरीतल्या मोठ्या बाईंनाच इकडे पाठवा." पलीकडे बहुतेक कुणालाच नाही कसं म्हणायचं ते सुचलं नाही, कारण मोठ्या बाई खरंच आल्या. मास्क लावून आल्या, हे पहिलं आश्चर्य. दुसऱ्या मजल्यावर पोचून त्या मास्तरीणबाईंच्या खुर्चीतच टेकल्या, हे दुसरं.

आईने फार काही मांडलं नाही. आरशासमोरचा प्रश्न तेवढा सांगितला, जसाच्या तसा. मोठ्या बाई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. त्यांचा आवाज बदलला, पण भाषा सरकारीच राहिली.

"नियम बदलणं माझ्या हातात नाही. निवासस्थान म्हणजे काय, ते मात्र मला ठरवता येतं. निवासस्थानाला निदान दार तरी असावं. तुम्ही इथे दार बसवून घ्या. फोटोत दार दिसू दे. पुढचं मी बघते."

बेकरीचं कोठार पाडत होते. बापाने तिथलं जुनं दार उचलून आणलं आणि सुताराला घेऊन ते जिन्याच्या तोंडाशी बसवलं. आता चौकात जायचं तर दार ढकलून जावं लागे. दाराला पावाचा खमंग वास होता. गणित करताना भूक लागते, अशी वकीलिणीची पहिली तक्रार आली. तक्रार ऐकून आमचा जीव भांड्यात पडला. फोटो गेला, ‘निवासस्थानास दार असेपर्यंत मंजूर’ असं पत्र आलं आणि अनुदान सुटलं.

तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा शिस्तीचे. स्वतःच्या घरी जातानाही ते त्या दारावर टकटक करत आणि आतून ‘या’ आल्याशिवाय पाऊल टाकत नसत. एकदा मास्तरीणबाई ‘या’ म्हणायला विसरल्या, तर बिचारे भाजीची पिशवी घेऊन उदाहरण सुटेपर्यंत बाहेर उभे होते.

ज्यांचं काहीच अडत नव्हतं, त्यांना ते दार खुपलं. इमारतीचे चिटणीस तळमजल्यावर राहतात. दुसरा मजला त्यांनी हिशेबाच्या वहीखेरीज कुठे पाहिला असेल असं वाटत नाही. त्यांनी अग्निशमन खात्याला कळवलं. त्या खात्याचा माणूस आला आणि नोटीस चिकटवून गेला: जिन्यातला अडथळा तत्काळ काढावा. दार नसलं तर शिक्षण खातं अनुदान काढणार, असलं तर अग्निशमन खातं दार काढणार. दोन्ही खाती एकाच इमारतीत बसतात आणि एकाच टपरीवर चहा पितात, पण चहा पिताना असल्या गोष्टी कोण बोलतो?

बाप हताश झाला. "पोरगी आजारातून उठली," तो म्हणाला, "आता आम्ही कागदांनी आजारी पडणार."

वकीलिणीने दोन्ही कागद मागून घेतले. शेजारी शेजारी ठेवून, बोट फिरवत वाचले.

"बाबा, या शिक्षणवाल्यांना दार असायला हवंय. जिन्यातच असावं असं कुठे म्हटलंय? आणि अग्निशमनवाल्यांना वाट मोकळी हवीय. दार नको असं ते म्हणतच नाहीत."

"मग?"

"मग दार भिंतीला लावा."

सुताराला वाटलं चेष्टा आहे. पण त्याने ते चौकाच्या भिंतीवर बसवलं. बिजागऱ्या, कडी, सगळं जागच्या जागी. उघडलं की समोर वीट. तपासनीस आले, फोटो काढला, दार आहे असं लिहून गेले. अग्निशमनवाला आला, वाट मोकळी आहे असं लिहून गेला. दोघांपैकी कुणीही दार उघडून पाहिलं नाही.

मोठ्या बाई मात्र एकदा मुद्दाम वाट वाकडी करून आल्या. त्यांनी कडी काढली, विटांकडे पाहिलं, पुन्हा कडी लावली. "छान हवेशीर आहे," म्हणाल्या आणि मास्कमागे हसू दाबत उतरून गेल्या.

वर्ष सरलं. परीक्षा शाळेतच झाली, पण वेगळ्या खोलीत. वकीलीण गणितात वर्गात पहिली आली. भाषेत गुण कमी पडले, कारण ‘माझी शाळा’ या निबंधात तिने जे खरं होतं ते लिहिलं, आणि तपासणाऱ्याने खाली शेरा मारला: ‘कल्पनाशक्ती चांगली, वास्तवाचे भान हवे.’ मास्तरीणबाईंनी तो शेरा मोठ्याने वाचून दाखवला, पुन्हा वाचला, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

मग डॉक्टरांनी तपासण्या बघितल्या आणि म्हणाले, "जाऊ दे हिला आता शाळेत."

त्या सकाळी आई तिला इमारतीच्या फाटकापर्यंत सोडायला गेली. मीही गेले. कोपऱ्यावर तिच्या दोघी मैत्रिणी थांबल्या होत्या. वकीलीण आधी सावकाश चालली, मग पळाली. मैत्रिणींपाशी पोचायच्या आधीच तिचं काहीतरी बोलणं सुरू झालं होतं. तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहील असं आईला वाटलं होतं.

आई परत आली आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसली. इतकी वर्षं ती औषध, ताप, खिडक्या, पत्रं यांच्यामागे धावत होती. आता हात मांडीवर ठेवून नुसती बसली होती.

"आता मी काय करू गं?" तिने मला विचारलं.

"दुकान उघडायची वेळ झाली," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली, पण उठली नाही. मग मीही तिच्या शेजारी बसले. आजोबा भाजी घेऊन आले, आम्हाला बघून थांबले. आम्ही सरकून त्यांना वाट दिली.