आजोळची बंदूक

गुणवंतरावांची सगळी नोकरी जबलपूरच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात गेली, पण ती पगारपत्रकं करण्यात. तोफ त्यांनी लांबूनच पाहिली होती. दिवाळीत अंगणात लवंगी माळ लागली तरी ते देवघरात जाऊन बसत. अशा माणसाला त्याच्या बायकोनं एका सकाळी चहा गाळता गाळता सांगितलं, "मला एक बंदूक घ्यायची आहे."

"काहून?" गुणवंतरावांच्या तोंडून एवढंच निघालं.

"काल साडी फॉल लावायला टाकली ना, तिथून येताना कमानिया गेटपाशी दुकानात दिसली. शालिग्राममामाकडे होती तश्शीच."

शालिग्राममामा बायकोचे, म्हणजे सुहासिनीबाईंचे, मामा, मंडल्याकडे जंगलखात्यात होते. त्यांच्याजवळ एक छोटी रायफल होती. घोड्याखाली लोखंडी कडी. ती खाली ढकलून वर ओढली की नवं काडतूस आपोआप आत बसायचं, आणि आवाज व्हायचा, खट्-खटाक. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा कुंपणावर रिकामे डबे मांडत. पोरं कडी आपटतात म्हणून बंदूक फक्त सुहासिनीच्या हाती देत. मामा गेले, बंदूक कोणी विकली, कुठे गेली, कोणालाच माहीत नव्हतं.

मामांचे आंबे, मामांच्या मिशा, मामांची जीप, हे सगळं गुणवंतरावांनी लग्नापासून ऐकलं होतं. बंदूक आजच निघाली.

"मला कधी बोलली नाहीस," ते जरा दुखावून म्हणाले.

"तुम्ही लवंगी माळेला देवघरात जाता. तुम्हाला काय सांगणार?"

त्यांना वाटलं, दोन दिवसांत विसरेल. चौथ्या दिवशी ते स्वतःच दुकानात तिच्या बाजूला उभे होते. दुकानदार तिवारीजींनी दोघांना नीट न्याहाळलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, "मैडम, सुरक्षा के लिए रिवॉल्वर देखिए. इससे तो चोर भी नहीं डरेगा."

"चोर को डराना ही नहीं है, भैया. ज़रा हाथ में दीजिए."

बाईंनी रायफल घेतली, नळी भिंतीकडे केली, आत काडतूस नाही हे सराईतासारखं पाहिलं, डोळे मिटले आणि कडी ओढली. खट्-खटाक. मग डोळे न उघडताच पुन्हा एकदा ओढली. तिवारीजी गुणवंतरावांकडे बघू लागले. गुणवंतराव छताकडे.

"रखी रहने दीजिए," शेवटी तेच म्हणाले. "लाइसेंस लेकर आते हैं."

लायसन म्हणजे काय प्रकरण असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. आधी रायफल क्लबात नाव घातलं, मग प्रशिक्षण, मग कचेरीच्या चकरा. तिथल्या साहेबांनी विचारलं, "माताजी, आपको खतरा किससे है?" बाईंनी एकवार नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "किसी से नहीं. बचपन की याद है." साहेब हसले, आणि निशाणेबाजीसाठी म्हणून अर्ज पुढे सरकला.

मग महाराजपुरातल्या त्यांच्या कॉलनीत हवालदार चौकशीला आला. बाई भांडखोर आहेत का, घरात मारपीट होते का, असं त्यानं शेजारीपाजारी विचारलं. दुसऱ्या दिवसापासून वरच्या मजल्यावरच्या माधवीताई ओले कपडे पिळून वाळत घालू लागल्या. समोरचे गृहस्थ यांच्या फाटकासमोर गाडी लावत, ती त्यांनी आपणहून हलवली. वर "नमस्ते भाभीजी" असं हात जोडून म्हणाले.

"आता बंदूक नाही आणली तरी चालते," गुणवंतराव म्हणाले.

"आणणार," बाई म्हणाल्या.

वर्ष उलटलं तेव्हा लायसन हाती आलं. रायफल घरी आली. बाईंनी तेलाचा हात फिरवला, तिच्यासाठी निळं कव्हर शिवलं, कपाटात कुलूप लावून ठेवली. क्लबात रविवारी जायचं ठरलं, आणि शनिवारी हवालदार परत दारात. विधानसभेची निवडणूक लागली होती. आचारसंहिता, सगळ्यांनी आपापली हत्यारं ठाण्यात जमा करायची.

गुणवंतरावांना हायसं वाटायला हवं होतं. पण कव्हराची नाडी बांधताना बायकोचा चेहरा पाहिला आणि तेच हवालदाराशी भांडायला लागले. "यह कोई बंदूक है क्या? इससे तो चोर भी नहीं डरता!" उपयोग झाला नाही.

मग आठवड्यातून एकदा दोघं ठाण्यात जाऊ लागले. बाईंना गंजाची काळजी. मुंशी हसून म्हणायचा, "अम्माजी, सबसे छोटी आपकी है और सबसे ज़्यादा मिलने वाले भी इसी के आते हैं."

निकाल लागले, सरकार बसलं, रायफल सुटली. पुढच्याच रविवारी ती दोघं क्लबच्या मैदानावर गेली. गुणवंतरावांनी कानात कापसाचे मोठे बोळे घातले आणि चार पावलं मागे उभे राहिले. बाई वाळूच्या पोत्यामागे बसल्या. पहिली गोळी कुठे गेली ते देवालाच ठाऊक. दुसरीही. तिसरी निशाणाच्या कागदाला एका कोपऱ्यात चाटून गेली आणि बाई खुदकन हसल्या. तसं हसताना गुणवंतरावांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कुंपणावरचे डबे उडवणारी, दोन वेण्यांची कोणी अनोळखी मुलगी त्यांच्यासमोर बसली होती.

"ऐकलं का? कडीचा आवाज!" तिनं मागे वळून विचारलं.

ओठांवरून त्यांना प्रश्न कळला. त्यांनी आधी होकाराची मान हलवली. मग एका कानातला बोळा काढला, थोडं थांबून दुसऱ्यातलाही काढला, आणि तिच्या शेजारी पोत्यापाशी येऊन बसले.

"नाही ऐकलं," ते म्हणाले. "परत मार."

परतताना दोघं बड्या फुहाऱ्याच्या चौकात खोव्याची जिलबी खायला थांबली. निळं कव्हर बाईंच्या खांद्याला होतं. जिलबीवाल्यानं द्रोण पुढे करत आदरानं विचारलं, "आंटीजी, कौन सा बाजा है?"

बाई काही म्हणायच्या आत गुणवंतराव बोलले, "अभी सीख रही हैं." आणि त्यांनी आणखी एक द्रोण मागितला.