गॅसवरची होळी

सुभाष चौबळांना पृथ्वीची काळजी लागली ती अठ्ठ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत. त्याआधी पृथ्वी बिचारी त्यांच्या मदतीशिवायच फिरत होती. कुठल्याशा मासिकात त्यांनी हवेतल्या कार्बन वायूवरचा लेख वाचला, आणि बेलापूरच्या त्या नव्याकोऱ्या सोसायटीत जिना चढणाऱ्या प्रत्येकाला अडवून ते सांगू लागले, "साहेब, हवा तापतेय. समुद्र वर येणार. आणि आपण तर खाडीच्या काठावर!"

सुभाषराव ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात बॉयलरवर सुपरवायझर होते. तो बॉयलर दिवसरात्र फर्नेस ऑइल पीत असे. पण त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. "आमची चिमणी उंच आहे," ते म्हणत. "धूर वरच्या वर जातो." वर जाऊन पुढे कुठे जातो, हे विचारायची सोय नव्हती. सोसायटीचे सेक्रेटरी तेच होते.

त्यांची बायको वैजयंती वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सी झाली होती. लग्नानंतर त्या पदवीचा उपयोग भाजी निवडण्यापुरता उरला होता. पण गेल्या दिवाळीपासून तिनं डबे सुरू केले होते. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये कारखान्यांतले सात इंजिनियर एकत्र राहत, सगळे सडेफटिंग. त्यांचे सात डबे रोज दुपारी तिच्या दारातून भरून जात. तिच्या हातच्या बोंबलाच्या कालवणाला तर त्यातल्या एकानं चक्क उभं राहून सलाम केला होता. उभ्या आयुष्यात वैजयंतीला स्वतःचं असं जे काही मिळालं होतं, ते हे सात डबे. आणि ते चालत होते एका सिलिंडरवर. दुसरा सिलिंडर मिळायचा नाही, नंबर लावला की महिना महिना वाट बघायची, आणि गॅस घेतला तेव्हाच रेशनकार्डावर शिक्का बसून रॉकेल बंद झालेलं. म्हणून ती कुकर उतरवायच्या आधीच बर्नर बंद करायची, उरलेल्या वाफेवर भात शिजवायची.

होळीच्या आधीच्या रविवारी गच्चीवर मीटिंग भरली. सुभाषरावांनी ठराव मांडला. यंदा लाकडाची होळी बंद. झाडं वाचवा, हवा वाचवा.

"मग नैवेद्य कुठे दाखवायचा?" अध्यक्ष रावसाहेबांनी विचारलं. ते मंत्रालयातून निवृत्त झालेले होते आणि कुठल्याही ठरावात नैवेद्याची सोय आहे ना, एवढंच बघत.

"गॅसवर!" सुभाषराव म्हणाले. "केटररकडून मोठी शेगडी आणू. धूर नाही, राख नाही, काजळी नाही. एकदम सायंटिफिक."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या पडल्या त्या समोरच्या फ्लॅटमधल्या अरुणाच्या. "भाऊजी, काय डोकं आहे हो तुमचं!" ती म्हणाली.

"पण सिलिंडर कोणाचा?" रावसाहेबांनी विचारलं.

एवढा वेळ टाळ्या वाजवणारे हात एकाएकी मांड्यांवर जाऊन बसले. कुणी खाडीकडे बघू लागलं, कुणाच्या चष्म्यावर अचानक धूळ आली. सुभाषरावांनी सभेवर नजर फिरवली आणि छाती काढून म्हणाले, "आमचा! सुरुवात स्वतःपासून करावी माणसानं."

स्वतःपासून म्हणजे बायकोपासून, हे वैजयंतीला घरी आल्यावर कळलं. ती भडकली.

"अहो, माझे डबे आहेत त्याच्यावर!"

"अगं, अर्धा तास पेटवायचा. नैवेद्य झाला की कॉक बंद, सिलिंडर घरात. टेन्शन कसलं घेतेस?"

"आणि मुळात हे उलटंच आहे. तुमचा तो लेख मीही वाचला, शेवटपर्यंत. लाकडातला कार्बन झाडानं हवेतूनच घेतलेला असतो. जाळला की परत हवेत जातो, पुढचं झाड तो पुन्हा ओढून घेतं. झाड लावत राहिलं की ते चक्र फिरतं. गॅस आणि तेल लाखो वर्षं जमिनीच्या पोटात गाडलेलं. ते वर काढून जाळलं की हवेत नवीनच भर पडते. तुमच्या बॉयलरनं पडते तशीच."

सुभाषरावांनी क्षणभर विचार केला. मग ते मायेनं हसले.

"वैजू, पण गॅसचा धूर दिसतो का कुठे?"

या युक्तिवादापुढे बीएस्सीचं काही चालेना.

होळीच्या संध्याकाळी आवारात रांगोळी काढली, मधोमध केटररची शेगडी मांडली. वैजयंतीच्या सिलिंडरला हळदकुंकू लागलं, हार पडला. त्यात अर्ध्याहून कमी गॅस उरला होता, हे तिनं सकाळीच हलवून पाहिलं होतं. रावसाहेबांनी काडी ओढली. भुस्सकन निळी ज्योत उठली आणि नुसतीच फुसफुसत राहिली. पोरं बोंब मारायला आली होती, पण त्या शेगडीकडे बघून त्यांना बोंब फुटेना. बायकांनी प्रदक्षिणा घातल्या. कुणी पुरणपोळी बर्नरवर ठेवली, ती करपून चिकटली. कुणी नारळ ठेवला, तो गडगडत खाली आला. रावसाहेबांनी तो उचलून पुन्हा ठेवला, तो पुन्हा आला. एका स्थानिक साप्ताहिकाचा माणूस कॅमेरा घेऊन आला होता. त्यानं सुभाषरावांना सिलिंडरवर हात ठेवून उभं केलं.

नैवेद्य झाले. फोटो झाला. अर्धा तास होऊन गेला. वैजयंती पुढे झाली आणि कॉक बंद करायला वाकली.

"अगं बाई! काय करतेस काय?" अरुणा किंचाळली. "पेटलेली होळी विझवतात का कुणी?"

सगळे थबकले. खरंच की. होळी विझवायची नसते. होळी आपली आपण शांत होते, मग दुसऱ्या दिवशी तिच्यावर पाणी किंवा दूध शिंपायचं. ती मध्येच विझवायचा प्रश्न आजवर कुणापुढे आलाच नव्हता, कारण लाकडाला कॉक नसतो.

"अपशकुन हो," रावसाहेब गंभीरपणे म्हणाले. "नवी सोसायटी आहे. उगाच विषाची परीक्षा नको."

वैजयंतीनं नवऱ्याकडे पाहिलं. हाच माणूस आठवडाभर सायन्स सायन्स करत होता. एक शब्द बोलला असता तर काम झालं असतं.

सुभाषरावांनी घसा खाकरला. "तसं शास्त्रात काही नाही," ते म्हणाले, "पण लोकांच्या भावना आहेत. जळू दे. कितीसा उरला असेल?"

"माझे डबे," वैजयंती दातओठ खात हळूच म्हणाली.

"घरी बोलू."

मग सगळी सोसायटी खुर्च्या टाकून गॅस संपायची वाट बघत बसली. गप्पा रंगल्या. झाडं कशी वाचली यावर रावसाहेबांनी छोटंसं भाषण केलं. वैजयंती एकटी उभी होती. त्या निळ्या ज्योतीत तिला उद्याचा भात दिसत होता, परवाची आमटी दिसत होती, पुढचे कित्येक दिवस दिसत होते. दोनअडीच तासांनी ज्योत पिवळी पडली, फडफडली आणि गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला मात्र सगळ्या सोसायटीच्या नावानं बोंब मारावीशी वाटली, आणि ती मारायचा तो एकच दिवस होता, पण ती मध्यमवर्गीय होती. रिकामा सिलिंडर तिनं गडगडवत घरी नेला.

सकाळी धुळवड. गॅसचं दुकान बंद. ती दोन मजले दारोदार फिरली. काल टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकीचा गॅस नेमका आजच संपत आला होता. "आमचाही आज-उद्यात जाईल गं," अरुणा दार अर्धवट उघडून म्हणाली. तिच्याकडे दोन सिलिंडर होते, एक पलंगाखाली. हे सगळ्या जिन्याला ठाऊक होतं.

एवढ्यात दिवाळे गावची कोळीण गंगू टोपली घेऊन वर आली. डब्यांसाठी सांगितलेले बोंबील तिनं आणले होते.

"घेस ना गो बाय? ताजा म्हावरा हाय."

"आज नको गंगू. गॅस नाही."

"नाय म्हंजे?"

"काल होळीत जाळला."

गंगूनं तिच्याकडे, मग दाराआडच्या हार घातलेल्या सिलिंडरकडे पाहिलं. तिला हसू आलं, पण ती हसली नाही. टोपली डोक्यावर घेऊन ती समोरच्या दाराशी गेली. अरुणानं या वेळी दार पूर्ण उघडलं आणि सगळेच्या सगळे बोंबील घेतले. नवरा, बायको आणि एक मुलगी. एवढे बोंबील यांना कशाला, असं वैजयंतीच्या मनात आलं, आणि तिनं ते झटकून टाकलं.

अकरा वाजता पदर खोचून ती पलीकडच्या बिल्डिंगमध्ये गेली. आज डबा नाही, आणि सिलिंडर येईपर्यंत नाही, हे तोंडानंच सांगावं म्हणून. दार उघडणाऱ्या इंजिनियरचं तोंड गुलालानं माखलं होतं. तो ओशाळला.

"वहिनी, काळजी करू नका. समोरच्या वहिनी सकाळीच येऊन गेल्या. म्हणाल्या, तुमचं आता जमायचं नाही. डबे घेऊन गेल्या. महिनाभराचं त्यांच्याकडेच ठरवलं आम्ही."

ती परत आली. अरुणाच्या दाराबाहेर सात डबे ओळीनं मांडलेले होते. प्रत्येकाच्या झाकणावर वैजयंतीनं स्वतः खिळ्यानं कोरलेले आकडे होते. आतून बोंबलाच्या कालवणाचा वास येत होता, तिच्याच मसाल्याचा. दिवाळीत शेजारधर्म म्हणून तो तिनंच शिकवला होता.

घरात येऊन ती पाटावर बसली आणि रडली. सिलिंडरसाठी नाही. सिलिंडर आज ना उद्या येणारच होता.

सुभाषराव बाराच्या सुमारास आले. अंगभर रंग, तोंडभर हसू. "वैजू, साप्ताहिकात पहिल्या पानावर छापणार म्हणतायत! कार्बन वाचवणारी सोसायटी! रावसाहेब म्हणाले, पुढचा अध्यक्ष मीच." मग त्यांनी नाक वर करून वास घेतला. "बोंबील का? वाढ लवकर, भूक लागलीय."

"तुमचा डबा समोर सांगितलाय," वैजयंती म्हणाली.

"म्हणजे?"

"सात गेले. आठवा तुमचा. गरम आहे तोवर घ्या जाऊन."

सुभाषराव हसले. मग ती हसत नाही हे बघून थांबले. त्यांनी रिकाम्या ओट्याकडे पाहिलं, तिच्या तांबड्या डोळ्यांकडे पाहिलं. दोन शब्द बोलावेत असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी तोंड उघडलंही. पण समोरून पुन्हा फोडणीचा वास आला. त्यांनी मांडणीवरून एक डबा काढला आणि दाराबाहेर जाऊन अरुणाची बेल दाबली.