मधल्या सीटवरची फांदी

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा सुरू केलं, दोनदा पुसून टाकलं. मग मागच्या महिन्यात दुमिसानीची आई गेली, आणि त्यानंच फोन करून सांगितलं, "मुबिता, आता लिहिलंस तरी चालेल." म्हणून लिहितोय. फोनवरच, गाडी कुठे उभी असते तेव्हा, जमेल तसं.

तर, दुमी माउनच्या कबरस्तानातून बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात रानबोरीची फांदी होती. हिरवीगार, कोपरापर्यंत येईल एवढी. तोंड घट्ट मिटलेलं.

मी आमच्या सहलीच्या ट्रकच्या पायरीवर बसलो होतो. मागे आठ पाहुणे खिडक्यांना चिकटले होते. केपटाउनहून निघालेली मंडळी, वाळवंट बघून झालं होतं, हत्ती बघून झाले होते, धबधबा राहिला होता. मी ड्रायव्हर आणि गाइड, दुमी स्वयंपाकी. तंबू ठोकायचे, तंबू मोडायचे, पुढच्या गावाला जायचं. एकाच केबिनमध्ये बसून आम्ही एवढे किलोमीटर काढलेत की त्याच्या शिंकेवरून मला कळतं, आज मूड कसा आहे ते.

दुमीचा मोठा भाऊ वेलापी, तोही असल्याच ट्रकवर होता. माउनला एका बाईच्या प्रेमात पडला आणि तिथेच राहिला. ओनालेन्ना तिचं नाव. तापानं गेला तेव्हा सीमेपलीकडे न्यायची कुणाची ऐपत नव्हती, म्हणून तिथल्याच वाळूत पुरला. तेव्हापासून सीमेपलीकडे, प्लमट्रीच्या अलीकडच्या खेड्यात, त्याच्या आईला झोप नाही. म्हणायची, कुणीतरी कुंपणाबाहेर फिरतंय, आत येत नाही. दुमीचे काका तर गाय गाभडली तरी वेलापीवरच ढकलायचे.

म्हणून ही फांदी. दुमीनं आदल्या दिवशी कांदा चिरता चिरता सगळं समजावलं होतं.

"उद्यापासून मी तुझ्याशी बोलणार नाही."

"तसा तरी कुठे बोलतोस?"

"चेष्टा नको रे. कबरीवर फांदी टेकवून दादाला हाक मारायची. चल, घरी जाऊ. मग तो फांदीत येतो. मग फक्त त्याच्याशीच बोलायचं, बाकी कुणाशी नाही. नदी आली की सांगायचं, नदी आली. वळलो की सांगायचं, वळलो. रात्री त्यालाही अंथरूण घालायचं. नाहीतर माणूस वाटेत उतरतो आणि तिथेच राहतो."

मी लोझी जमातीचा, लिव्हिंगस्टनकडचा. आमच्यात हे असं नाही. पण मी केबिनमधल्या मधल्या सीटवरचा पाव, जॅकेटं, पाण्याचे कॅन सगळं उचललं आणि ओल्या फडक्यानं सीट पुसली. भाऊ कुणाचाही असो, पाहुणा माझ्या गाडीत बसणार होता.

कबरीपाशी ओनालेन्ना उभी होती, सोबत तिचा आणि वेलापीचा मुलगा, शाळेच्या गणवेशात. दुमी आणि ती बराच वेळ बोलत होते. मला ऐकू येत नव्हतं. मग ती ट्रकपर्यंत आली, दुमीसाठी दार धरून उभी राहिली. फांदीकडे तिनं एकदाच पाहिलं, बाजारात दुसऱ्याच्या पिशवीतल्या भाजीकडे पाहावं तसं. मला म्हणाली, "सांभाळून जा, भाऊ." झालं.

"आपण एक फोटो..." मागून विम. डच, निवृत्त, गुडघे दुखतात, तरी सगळ्यात आधी उतरतो.

"नाही, विम."

"बरं बरं."

बोतेती नदीचा पूल आला. दुमीला बोलायला वेळ मिळावा म्हणून मी मुद्दाम गाडी हळू केली. तो खिडकीबाहेर बघत राहिला. मधल्या सीटवर फांदी हलत होती. रानबोरीला दोन-दोन काटे असतात, एक सरळ, एक मागे वळलेला. म्हटलं, मनातल्या मनात बोलत असेल.

त्या रात्री गोरखचिंचांखाली मुक्काम. जेवायला काय आहे असं पाहुण्यांनी विचारलं की दुमी दोन्ही कोपरं पंखासारखी हलवायचा. कोंबडी. मग त्यांना खेळच सापडला. भात कसा दाखवतो, मीठ कसं दाखवतो. सगळे हसत होते, दुमी नाही. मी त्याच्या तंबूत दोन चटया घातल्या. सकाळी बघतो तर एक पुन्हा गुंडाळलेली, आणि फांदी बाहेर, ट्रकच्या चाकाला टेकवून ठेवलेली.

मला राग आला. एवढे नियम सांगितलेस आणि स्वतःच्या भावाला चाकापाशी? पण म्हटलं, दमला असेल. फांदीवरचं दव झटकलं आणि तिला सीटवर ठेवलं.

नाटा गाव सोडलं की जनावरांचा रोग पसरू नये म्हणून घातलेलं कुंपण लागतं. कच्चं मांस पलीकडे न्यायचं नाही, सगळ्यांनी उतरून औषधाच्या ओल्या पोत्यावर बूट बुडवायचे, गाडीची चाकंही. पाहुणे रांगेत पाय बुडवत होते. फाटकावरच्या बाईंनी आमची थंड पेटी उघडून बघितली, मग केबिनमध्ये डोकं घातलं.

"हे काय?"

दुमी गप्प.

"पाला आहे हा. रानम्हशी फिरतात तिकडचा. गुरं खातात हा पाला. पलीकडे नाही जायचा."

दुमीनं फांदी उचलली आणि सरळ त्यांच्यापुढे धरली. घ्या, असं.

मला कळेना, याला झालंय काय. मी पलीकडून धावत आलो.

"मावशी, मावशी, थांबा. तो बोलू शकत नाही."

"मुका आहे?"

"मुका कसला! स्वयंपाक करताना ऐका त्याला. माणूस घेऊन चाललाय तो. भाऊ आहे त्याचा."

त्यांनी फांदीकडे पुन्हा पाहिलं. हात पुढे आला होता तो मागे घेतला, स्कर्टला पुसला.

"कुठून?"

"माउनहून. प्लमट्रीकडे."

"माझी आजी तिकडचीच." त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "बरं. पण रोग काही माणूस बघत नाही. पानं ओरबाडून इथेच जाळ. आणि त्याचेही पाय बुडव. सगळ्यांचे बुडतात, त्याचेही बुडतील."

मी पानं काढली. काटे बोटांत शिरले. दुमी नुसता बघत होता. शेवटी मी त्याला दंडाला धरून नेलं, आणि त्यानं फांदीचं बूड पोत्यावर टेकवलं. रांगेतल्या पाहुण्यांनी आपोआप बाजूला होऊन वाट दिली. विमनं टोपी काढली.

"सांग त्याला," बाई दुमीला म्हणाल्या. "कुंपण ओलांडलं म्हणून सांग."

दुमीचे ओठ हलले नाहीत. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग मीच सांगितलं. "दादा, कुंपण ओलांडलं हं."

आणि मग मी थांबलोच नाही. कुणीतरी सांगायला हवं होतं ना? दादा, उजवीकडे मिठागर. दादा, गाढवं आडवी आलीत, थांबतोय. दादा, फ्रान्सिसटाउन आलं, गर्दी आहे, घट्ट बस. मला लाज वाटत होती, आणि बरंही वाटत होतं. दुमी खिडकीकडे तोंड करून.

"दादा, ही टाटी नदी. पाणी नाही, वाळूच आहे नुसती, पण नदी..."

"बास कर, मुबिता."

मी ब्रेक मारला. मागे भांडी आपटली. सगळे उठून खिडक्यांना. "काय दिसलं? काय दिसलं?" विमचा कॅमेरा तयार.

"काही नाही! टायर बघतोय!"

आम्ही दोघं मागच्या चाकापाशी उकिडवे बसलो आणि टायर बघायला लागलो. टायर उत्तम होता.

"तू बोललास," मी म्हणालो. "दुमी, तू माझ्याशी बोललास. आता काय होणार?"

"काही नाही होणार. तो त्यात नाहीच."

"म्हणजे?"

"मी हाक मारलीच नाही."

दुमीनं चाकाच्या नटावरची धूळ अंगठ्यानं पुसली.

"ओनालेन्ना म्हणाली, पोरगा रोज शाळेतून येताना इथे कबरीपाशी थांबतो. पायानं वाळू सारखी करतो, बापाला दिवसभराचं सगळं सांगतो, मग घरी येतो. म्हणाली, तुझ्या आईला तिचा मुलगा हवाय, मला कळतं. पण हा कुणापाशी थांबेल ते तू सांग. फांदी माझ्या हातात, दादाचं नाव तोंडात आलेलं. गिळलं मी. पोरगा समोर उभा राहून बघत होता रे."

"मग ही आणलीस कशाला?"

"रिकाम्या हातानं जाऊ? विधीसाठी बोकड बांधलाय घरी. सगळे जमलेत. आई..." त्यानं टायरवर थाप मारली. "नुसती फांदी नेली तर मी खोटं बोलत नाही. बोललो नाही तर खोटं कसं?"

"आणि दारात विचारतील तेव्हा?"

तो उठला, गुडघे झटकले.

सीमेवर शिक्के झाले. पलीकडे डांबरी रस्ता सोडून मातीचा धरला. मी आता फांदीशी बोलत नव्हतो. सवयीनं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. दुमीनं फांदी मांडीवर घेतली होती. पानं गेल्यावर नुसते काटेच राहिले होते.

दुमीच्या घरच्या अंगणात तीस-चाळीस माणसं. पाहुण्यांना मी झाडाखाली बसवलं आणि सांगितलं, हसू नका, उठू नका. कुणीतरी त्यांना आंबलेल्या मक्याचं पेय दिलं, ते बिचारे निमूट प्यायले.

बायका गात होत्या त्या थांबल्या. कुंपणाच्या तोंडाशी काका उभे, काठी टेकून. दुमी फांदी दोन्ही हातांत धरून त्यांच्यापुढे थांबला. मी त्याच्या मागेच होतो. त्याची मान दिसत होती, घामानं भिजलेली.

"पोरा," काका सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "आणलंस का आमच्या माणसाला?"

दुमीनं श्वास घेतला. मला वाटलं, आता म्हणेल हो. मग वाटलं, आता म्हणेल नाही. दोन्हींत काहीतरी मोडणार होतं.

"थांबा भावजी." गर्दीतून एक छोटीशी बाई पुढे आली, डोक्याला काळं फडकं. मासिबांदा. दुमीची आई. "आधी मला विचारू द्या." ती दुमीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली, आवाज खाली. मला ऐकू आलं, काकांना नसेल आलं. "ती होती का तिथे? त्याची बायको?"

"होती."

"रडली?"

दुमीनं फांदीवरची पकड बदलली.

"नाही, आई."

मासिबांदानं फांदीकडे पाहिलं. खालपासून वरपर्यंत, ओरबाडलेल्या टोकापर्यंत. मग दुमीच्या हातांतून ती काढून घेतली. काटा लागला तिला, मी पाहिलं, तिनं हात हलवला नाही.

"आला," ती मोठ्यांदा म्हणाली. काकांकडे वळली, अंगणाकडे वळली. "वेलापी आला. मी त्याला आत घेते. दमलाय, कुणी मागे येऊ नका."

बायकांनी एकदम गाणं उचललं. काकांनी डोळे पुसले. बोकडाकडे माणसं धावली. मासिबांदा एकटीच झोपडीत गेली, फांदी छातीशी धरून, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. दुमी जिथे उभा होता तिथेच उभा होता, हात तसेच पुढे.

निघायच्या वेळी ती ट्रकपाशी आली. दुमी भांडी बांधत होता. ती माझ्याशी बोलली.

"तू बघितलंस का त्या पोराला?"

"हो, आई. लांबून."

"केवढा आहे?"

मी हात धरून दाखवला, माझ्या पोटाच्या जरा वर. ती माझ्या हाताखालच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. मलाही हात खाली घेववेना.

"तुमची गाडी पुन्हा त्या वाटेनं जाईल?"

"दर महिन्याला, आई."

"हं," ती म्हणाली. एक भाजक्या शेंगांची पुडी तिनं माझ्या खिशात कोंबली. "शेंगांना ते कुंपणवाले काही म्हणत नाहीत ना?"

"नाही म्हणत."

मग डांबरी रस्ता. मधली सीट रिकामी होती आणि मी तिच्यावर पाव परत ठेवला नव्हता.

"आईला कळलं," मी म्हणालो.

"कबरीतून नवरा नेतात, दुसऱ्यांदा जातो तो, आणि बायको रडत नाही, असं असतं का कुठे? आईला कळणार नाही तर कुणाला?" आणि मग दुमी रडायला लागला, अगदी आवाज करून. मी काही केलं नाही. गाडी चालवत राहिलो.

बुलावायोचे दिवे दिसायच्या आधी त्यानं नाक पुसलं.

"मुबिता. मी असाच कुठे वाटेत गेलो तर..."

"गप रे. उद्या नाश्ता कोण करणार?"

"ऐक ना. मला न्यायला कुणीतरी फांदी घेऊन निघेलच. काका नाहीतर काकांसारखा दुसरा कुणी. तू त्याच्यासोबत ये. आणि हाक मारायच्या आधी विचार."

"कुणाला विचारू? तुला?"

"मला नाही. त्या वेळी मी ज्याच्याजवळ असेन त्याला."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

त्यानं मधल्या रिकाम्या सीटवर हात टेकवला.

"तर तसंच परत जा. पण विचार."

मी गिअर बदलला. समोर चढ होता.

"विचारीन," मी म्हणालो.